वैरणीचा कस

पुण्यात सकाळी पिशवीतून येणाऱ्या दुधाचा भाव गावच्या संकलन केंद्रावर दोन आकड्यांनी ठरतो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅटखेरीजचे घन पदार्थ. गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ लागले तर पूर्ण दर. पॉइंट घसरला की दरही घसरला. इंदापूर, दौंड, बारामती, शिरूर या पट्ट्यात ‘आज फॅट लागली नाही’, ‘डिग्री बसत नाही’ ही रोजची बोली आहे. दुधाची एवढी बारीक मोजदाद करणाऱ्या या धंद्यात, ज्या चाऱ्यातून ते दूध उतरतं तो मात्र अजून पेंढीने, मोळीने आणि गुंठ्याने मोजला जातो. कडब्याचा भाव शेकड्यावर, उसाच्या वाढ्यांचा मोळीवर, मक्याचा टनावर, नाहीतर उभं पीकच गुंठ्याच्या बोलीने विकत घेतलेलं. गायीच्या पोटात यातलं किती जाईल आणि गेलेल्यातलं किती अंगी लागेल, हे यातलं एकही माप सांगत नाही. गेल्या साठ वर्षांत महाराष्ट्राने गाय बदलली आणि चाऱ्याचं वजनही वाढवलं. चाऱ्याचा कस हा मात्र ना वाण निवडण्याचा मुख्य निकष झाला, ना बाजाराचा. दूध उत्पादकाची आजची ओढाताण भावाच्या भांडणातून जितकी येते, तितकीच या न मोजलेल्या गोष्टीतूनही येते.

गाय कशी बदलली, ती गोष्ट पुण्यापासून ३० किलोमीटरवरच्या उरुळीकांचनची आहे. १९४६ साली गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंना मागे ठेवलं. मणिभाईंनी आधी गीर गायींचा कळप जोपासला आणि १९६७ साली ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘बायफ’ म्हणतो ती संस्था, उभी केली. परदेशी वळूंचं गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारात पोचवायचं, गावठी गायीला संकरित कालवड होऊ द्यायची, आणि त्या कालवडीवर कुटुंबाचा संसार उभा राहू द्यायचा, असा तो सरळ हिशेब होता. मणिभाईंना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा हा हिशेब जमलेला दिसत होता. पण संकरित गाय ही मागणीदार गाय असते. दोन लिटर देणारी गावठी गाय बांधावरच्या गवतावर आणि कडब्यावर निभावून नेते. बारा-पंधरा लिटरची गाय तेवढ्यावर आधी स्वतःचं अंग झिजवते, मग दूध कमी करते आणि शेवटी वेळेवर गाभण राहत नाही. बायफच्या लोकांना हे फार लवकर कळलं असावं, कारण त्याच उरुळीकांचनला चारा पिकांचं संशोधनही सुरू झालं आणि आज ते अखिल भारतीय चारा संशोधन प्रकल्पाचं एक केंद्र आहे. अनेकदा कापता येणारी ‘बायफ बाजरा-१’ आणि नेपिअरचे काही संकरित वाण तिथून आले. तरीही गायीच्या रक्ताचा जेवढा गाजावाजा झाला, त्याच्या दशांशही गव्हाणीतल्या वैरणीचा झाला नाही. वळूचं छायाचित्र छापता येतं, धाटाची पचनीयता छापायची कशी?

पचनीयता म्हणजे काय, ते समजायला ज्वारीचं एक वाळलेलं धाट मोडून बघावं. आत पांढरा भेंडासारखा गर, बाहेर कडक चकचकीत साल, आणि गरातून उभे गेलेले दोऱ्यासारखे धागे. हिरव्या धाटात याच गरात साखर असते. वाळताना ती उणावते आणि भिंती राहतात. वनस्पतीच्या पेशींच्या या भिंती मुख्यतः सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या बनलेल्या. ते माणसाला पचत नाहीत, पण गायीच्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि ते हे तंतू आंबवून त्यातून ऊर्जा मोकळी करतात. गाय खरं तर गवत पचवत नाही, ती गवत पचवणाऱ्यांना पोटात सांभाळते. या सूक्ष्मजीवांच्या वाटेत आडवं येतं ते लिग्निन. पीक पक्व होत जातं, उभं राहायला त्याला बळ लागतं, आणि लिग्निन त्या भिंतींना सिमेंटसारखं चिकटून बसतं. सिमेंट लागलेला तंतू सूक्ष्मजीवांना कुरतडता येत नाही. तो कोठीपोटात पडून राहतो, जागा अडवतो, आणि पोट भरल्याची जाणीव देऊन गायीचं खाणं थांबवतो. म्हणजे कस नसलेला चारा दोनदा नुकसान करतो: खाल्लेलं पचत नाही, आणि न पचल्यामुळे आणखी खाता येत नाही. तंतूचे हे प्रकार वेगळे काढून मोजायची पद्धत पीटर व्हॅन सोस्ट या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अमेरिकेत बसवली. त्याआधी शंभर वर्षं जग जर्मनीतल्या वेंडे इथल्या जुन्या पद्धतीने ‘कच्चे तंतू’ असा एकच मोघम आकडा काढत होतं. आपल्याकडे गोळीपेंडीच्या पोत्यावर अजून तोच जुना आकडा असतो.

आता याचा हिशेब रुपया-लिटरमध्ये मांडून बघू. ४०० किलो वजनाच्या गायीला दूध न देता नुसतं जगायला रोज सुमारे ३.१ किलो पचनीय अन्नद्रव्यं लागतात. चार टक्के फॅटच्या दर किलो दुधामागे आणखी सुमारे ३२० ग्रॅम. ढोबळ नियमाने गाय वजनाच्या १.२ टक्के एवढाच तंतू रोज पोटात घेऊ शकते, म्हणजे ४.८ किलो. कडब्यात तंतू ६५ ते ७० टक्के, तेव्हा सात किलो कडब्यावर तिचं पोट भरलं. त्यातला ४७ टक्के पचला तर ३.३ किलो हाती आले: गाय जगली, दूध जेमतेम अर्धा लिटर. ५२ टक्के पचला तर साधारण ३.६ किलो, आणि दूध दीड लिटर. तीच पेंढी, तेच वजन, पचनात पाच टक्क्यांचा फरक, आणि दिवसाला एका लिटरची तफावत. हे कागदावरचं गणित आहे आणि प्रत्यक्ष परिस्थिती याहून वाईट असते, कारण चाऱ्यात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले सूक्ष्मजीवच उपाशी राहतात आणि कडब्यात ती तीन-चार टक्के असतात. शिवाय नुसत्या कडब्यावर दूध कुणी काढत नाही, हेही खरं. पण गायीच्या प्रत्येक आहाराचा पाया कडबा, वाढे, मका किंवा हत्तीगवत असाच असतो, आणि पाया जितका पोकळ तितकं वरचं बांधकाम महाग पडतं. आडात नाही ते पोहऱ्यात आणायचं तर पोहराच विकत घ्यावा लागतो.

हा पाच टक्क्यांचा आकडा मी सोयीसाठी काढलेला नाही. आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या मायकेल ब्लुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वैरण बाजारात विकल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कडब्याचे नमुने तपासले, तेव्हा सर्वांत हलक्या मालाची पचनीयता ४७ टक्के आणि सर्वांत चांगल्या मालाची ५२ टक्के निघाली. भावातला फरक होता सुमारे २५ टक्क्यांचा. ज्या व्यापाऱ्याने प्रयोगशाळेचं तोंड पाहिलेलं नाही आणि ज्या गवळ्याला लिग्निन हा शब्द माहीत नाही, त्या दोघांनी मिळून पचनीयतेची किंमत बरोबर लावली होती. कशावरून? धाटाच्या रंगावरून, पानाच्या प्रमाणावरून, सालीच्या कडकपणावरून, मोडून चघळल्यावर जिभेला लागणाऱ्या गोडीवरून, आणि मुख्य म्हणजे वाणाच्या नावावरून. आपल्याकडे सोलापूर, नगर, बीडच्या कडब्यात ‘मालदांडी’ या नावाला जी पत आहे ती हीच. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा मालदांडीचाच वाण नव्वदेक वर्षांनंतरही रब्बीत टिकून आहे. त्यानंतर कितीतरी वाण आले, काहींचं उत्पादन जास्त आहे, तरी शेतकरी फिरून मालदांडीकडे येतो. भाकरीची चव हे एक कारण. कडबा हे दुसरं, आणि अवर्षणाच्या वर्षी ते पहिलं होतं.

याच्या उलटी गोष्ट खरिपातली. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. बुटका, लवकर येणारा, कणीस भरगच्च. अन्नधान्याची टंचाई होती आणि दाणा वाढणं ही देशाची गरज होती, तेव्हा त्या निर्णयाला आज नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण गावोगाव तक्रार एकच: ‘हायब्रीडचा कडबा जनावर तोंड लावत नाही.’ धाट आखूड, म्हणून पेंढ्या कमी. धाट चरबट, म्हणून गव्हाणीत उरणारं जास्त. पावसात काळा पडणारा दाणा आणि नावडता कडबा, दोन्हीकडून मार बसल्यावर शेतकऱ्याने खरीप ज्वारी सोडली आणि तो सोयाबीनकडे वळला. सोयाबीनच्या गुळीला जनावर फारसं विचारत नाही. एका पिकाच्या वाणनिवडीत धाटाकडे दुर्लक्ष झालं आणि त्याची किंमत पुढे अर्ध्या राज्याच्या सुक्या वैरणीने मोजली, असं म्हणायला जागा आहे. एवढ्यानेच खरीप ज्वारी गेली असा दावा मी करणार नाही. सोयाबीनचा रोख भाव नसता तर कडबा नावडता असूनही ती टिकली असती. पण वाण मंजूर करणाऱ्या समित्यांपुढे त्या काळी दाण्याच्या क्विंटलचा रकाना होता आणि धाटाच्या कसाचा नव्हता, याबद्दल वाद नसावा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. दाणा आणि धाट हे एकाच ताटातले वाटेकरी आहेत. धाटात कस ठेवायचा तर दाण्यात कमी जाणार, आणि माणसाच्या भाकरीपुढे गायीच्या वैरणीला मान कसा द्यायचा? ऐकायला हे पटतं. पण इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेने आणि पशुधन संस्थेने ज्वारी-बाजरीच्या शेकडो वाणांचे नमुने तपासून जे पाहिलं ते असं की, दाण्याचं उत्पादन आणि धाटाची पचनीयता यांच्यात घट्ट वैर नाही. दाणा भरपूर आणि धाटही चांगलं, असे वाण त्याच गर्दीत असतात. कुणी ते शोधत नाही एवढंच. ‘हिरवेपणा टिकवणे’ हा गुण याचं उत्तम उदाहरण आहे. काही ज्वारी पाण्याचा ताण पडला तरी दाणा भरेपर्यंत पानं हिरवी ठेवतात, शेवटपर्यंत अन्न तयार करत राहतात, लोळत नाहीत, आणि कापणीच्या वेळी त्यांच्या धाटात नत्र जास्त आणि पचनीयताही चढी राहते. म्हणजे दुष्काळात दाणा वाचवणारा गुणच वैरणीचा कस राखतो.

लिग्निनवर थेट घाव घालायचा रस्ताही आहे, पण तो इतका गुळगुळीत नाही. १९२४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात मक्याची काही झाडं अशी सापडली की ज्यांच्या पानाची मधली शीर हिरवट-पांढरी असण्याऐवजी तांबूस तपकिरी होती. ते एका जनुकातलं व्यंग होतं, आणि त्या व्यंगामुळे झाडात लिग्निन कमी बनत होतं. १९७८ साली पर्ड्यू विद्यापीठात रसायनांच्या साहाय्याने ज्वारीतही असे उत्परिवर्ती मिळवले गेले. तपकिरी शिरेचा मका आणि ज्वारी आज अमेरिकेत मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद मुरवून टिकवायच्या चाऱ्यासाठी, पेरली जाते. जनुक बदलून लिग्निन कमी केलेला लसूण घासही तिथे बाजारात आहे. आपल्याकडे हे आणताना पहिली शंका योग्यच येते: लिग्निन हा झाडाचा कणा आहे, कणा मऊ केला तर वाऱ्यात पीक लोळणार. लोळतंही, आणि काही वाणांत उत्पादन घटतं. म्हणून दाण्यासाठी वाळेपर्यंत उभ्या राहणाऱ्या रब्बी ज्वारीत हा गुण आंधळेपणाने घालणं शहाणपणाचं नाही. पण फुलोऱ्यात कापायच्या कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीत, किंवा मुरघासाच्या मक्यात पिकाला तितके दिवस उभं राहायचंच नसतं. पुण्यापुरती गंमत अशी की, लिग्निन कमी करण्याचं जनुकशास्त्र या शहराला नवं नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुबाभळीतलं लिग्निन कमी करण्यावर काम झालं, पण ते कागदाच्या लगद्यासाठी. कागद कारखान्याला लिग्निन काढायला रसायनं आणि पैसा लागतो हे सर्वांना दिसतं. तेच काम गाय फुकट करते असं आपण गृहीत धरलंय.

हिरव्या चाऱ्याचं दुखणं निराळं आहे. देशात लागवडीखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आसपासच जमीन चारा पिकांखाली आहे आणि हा आकडा कित्येक वर्षं हललेला नाही. जमीन थोडी, मग एका गुंठ्यात जास्तीत जास्त वजन काढायची घाई होते. या घाईवर नेपिअरचा, म्हणजे हत्तीगवताचा, सगळा व्यापार चालतो. दोन-तीन डोळ्यांची कांडी, तिच्या जाहिरातीत दोन पुरुष उंच गवतात उभा राहिलेला माणूस, आणि खाली एकरी टनांचा आकडा. सुपर नेपिअर, बुलेट, अशी नावं बदलत राहतात. पण उंच गवत म्हणजे जुनं गवत. ४५ दिवसांच्या आसपास कापलेल्या नेपिअरमध्ये प्रथिनं दहा टक्क्यांच्या घरात असू शकतात; तेच अडीच-तीन महिने उभं ठेवलं की वजन वाढतं, खोड बांबूसारखं होतं आणि प्रथिनं निम्म्यावर येतात. कुट्टी करून टाकलं तरी गाय जिभेने पानाचे तुकडे वेचते आणि संध्याकाळी गव्हाणीच्या तळाशी खोडाच्या चकत्या उरतात. तो ढीग उकिरड्यावर जातो, मात्र त्याचं वजन ‘उत्पादना’त आधीच धरलेलं असतं. इथे नवा वाण न आणता नुसता विळा लवकर चालवला तरी कस वाढतो. विद्यापीठं हे सांगत आली आहेत, पण ज्याच्याकडे दहा गुंठे चारा आणि सहा जनावरं आहेत तो पोट भरण्याचा हिशेब आधी करतो, आणि त्याला त्यासाठी दोष देता येत नाही.

वाणाने मदत कुठे होते, त्याचं जवळचं उदाहरण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या नेपिअरमध्ये आहे. नेपिअरमध्ये ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ते कॅल्शियमला बांधून टाकतं. दुभत्या गायीला नेमकं कॅल्शियमच लागतं, त्यामुळे नुसत्या नेपिअरवर ठेवलेली गाय विण्याच्या सुमारास अडचणीत येऊ शकते. राहुरीचा ‘यशवंत’ पश्चिम महाराष्ट्रात पसरला. त्यानंतरच्या ‘फुले जयवंत’ची शिफारस करताना विद्यापीठाने टनांच्या जोडीला ऑक्झॅलिक आम्लाचं कमी प्रमाण आणि पानांवरची कमी कूसही सांगितली. वाण निवडताना रकाना बदलला की काय घडतं, ते एवढ्याशा बदलात दिसतं. असे रकाने आणखी हवेत: पान आणि खोडाचं प्रमाण, तंतू, पचनीयता, आणि कोवळ्या ज्वारीत तयार होणाऱ्या सायनाइडसारखी विषं.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. चाऱ्यात नसेल तर गोळीपेंड आहे, सरकी पेंड आहे, मक्याचा भरडा आहे. कसाचा एवढा बाऊ कशाला? आंबोण वाढवून दूध वाढतं हे खरं, पण किती काळ आणि कितीला? दुधाच्या उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा ६० ते ७० टक्के धरला जातो, आणि त्यात पेंड हा सर्वांत महाग हिस्सा. दुसरं म्हणजे कोठीपोटाचं रसायन. दाणा आणि पेंड झपाट्याने आंबतात आणि पोटात आम्ल चढतं. तंतू सावकाश आंबतो, रवंथ करायला लावतो, आणि रवंथाची लाळ ते आम्ल उतरवते. हलक्या चाऱ्याची भरपाई पेंडीने करत गेलं की एका टप्प्यावर गाय कमी रवंथ करते, पोट आंबट होतं, खूर दुखतात आणि फॅट उतरते. मग संकलन केंद्रावर ‘फॅट लागली नाही’. ज्या पैशाने दूध वाढवलं त्याच पैशाने त्याचा दर पाडून घेतला, असा हा उफराटा व्यवहार. पचणारा तंतू हाच फॅटचा कच्चा माल आहे. तो पोत्यात भरून मिळत नाही.

तिसरं म्हणणं, वाण बदलण्याची वाट कशाला बघायची, आहे त्या काडालाच प्रक्रिया करा. युरियाची प्रक्रिया सर्वांना ऐकून माहीत आहे: १०० किलो सुक्या काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लास्टिकने झाकायचं, तीन आठवड्यांनी उघडायचं. अमोनियाने भिंतींची बांधणी सैल होते, नत्र वाढतं, पचनीयता वाढते. प्रयोगशाळेत आणि प्रात्यक्षिकात हे नेहमी यशस्वी होतं. गोठ्यात मात्र ते रुजलं नाही. उन्हाळ्यात पाणी नाही, मजूर नाही, आणि युरिया चुकून जास्त पडला तर गाय दगावण्याची भीती. ज्याच्या दावणीला चार गायी आहेत तो हा धोका का घेईल? मुरघासाचं उलट झालं. बारामती-इंदापूरकडे मक्याचा मुरघास दहा-पंधरा वर्षांत घरोघरी पोचला, कारण त्यात मजूर एकदाच लागतो आणि वर्षभराची निवांती मिळते. दाणा चिकातून पिठाळ होत असताना, पिकात कोरडा भाग ३० ते ३५ टक्के असताना कापायचं, कुट्टी करायची, बॅगेत किंवा खड्ड्यात हवा राहणार नाही असं तुडवायचं. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू सामू चारच्या आसपास आणतात आणि चारा लोणच्यासारखा टिकतो. सोय पटली की शेतकरी किती पटकन बदलतो याचा हा पुरावा. पण बरणीत जे घालाल तेच मुरतं. कसदार मका घातला तर कसदार मुरघास, आणि दाणा न भरलेलं उंच पाणचट पीक घातलं तर आंबट पाणी.

सुबाभळीची गोष्ट इथे थोडी आडवळणाची, तरी सांगण्याजोगी आहे. बायफने सत्तरीच्या दशकात हवाईकडची जातिवंत सुबाभूळ आणून तिचा हिरीरीने प्रसार केला. पाल्यात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं, खडकाळ जमिनीत येणारं झाड, म्हणजे बांधावरची पेंडच. पण पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. जास्त खाल्लं तर जनावराचे केस गळतात, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात हाच त्रास होत असताना रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं की हवाईतल्या शेळ्यांना तो होत नाही. त्यांच्या कोठीपोटात ते विष मोडणारा जिवाणू होता. तो ऑस्ट्रेलियन गुरांच्या पोटात सोडल्यावर तीही सुबाभूळ पचवू लागली, आणि जिवाणूला जोन्सचं नाव मिळालं. पिकाचा कस हा पिकात भरून ठेवलेला ऐवज नाही; तो पीक आणि जनावर यांच्यात ठरतो. म्हणून परदेशी वाणाचा परदेशी आकडा इथल्या दावणीवर जसाच्या तसा चिकटवू नये.

शहरातल्या वाचकाला यात काय, असं कुणी विचारील. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीची हाकाटी होती, प्रत्यक्षात चिंतेची गोष्ट निघाली ती अफ्लाटॉक्सिन एम-१ या बुरशीजन्य विषाची: ५.७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त होतं. ते दुधात कुणी घालत नाही. बुरशी लागलेली पेंड, ओला राहिलेला मका, नीट न दाबलेला मुरघास गायीने खाल्ला की ते दुधात उतरतं, आणि उकळून जात नाही. चाऱ्याचा कस हा फक्त शेतकऱ्याच्या खिशाचा विषय नाही तो असा. मिथेनचंही तेच. खाल्लेल्या ऊर्जेचा सुमारे सहा टक्के भाग गाय ढेकरातून हवेत सोडते. चारा हलका असेल तर दूध कमी आणि ढेकर तेवढेच, म्हणून लिटरमागे मिथेन जास्त.

राहता राहिला खरा कळीचा प्रश्न: कसदार वाणाचं बियाणं कोण करणार आणि त्याचे जास्तीचे पैसे कोण देणार? चारा पीक दाणा भरायच्या आधीच कापलं जातं, तेव्हा बियाणं हा या पिकांचा जन्मजात दुबळा दुवा आहे. त्यात कस डोळ्याला दिसत नसेल तर कंपनी त्यावर खर्च का करील? मला यावर उत्तर दुधातच दिसतं. दूध एके काळी मापाने, म्हणजे लिटरवरच घेतलं जायचं, आणि त्यात पाणी घालणं हा साधा नफा होता. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बरने १८९० च्या दशकात फॅट काढायची सोपी रीत बसवली. आपल्याकडे ती, आणि पुढे बटण दाबताच आकडा दाखवणारी यंत्रं, गावच्या डेअरीत येऊन पोचली, आणि दुधाचा बाजार लिटरवरून फॅटवर सरकला. चाऱ्यासाठी असं यंत्र आता आहे. अवरक्त प्रकाशाचा झोत वाळवून दळलेल्या नमुन्यावर टाकून एक-दोन मिनिटांत प्रथिनं, तंतू आणि पचनीयता सांगणारी पद्धत हैदराबादच्या आणि झाशीच्या संशोधकांनी इथल्या पिकांसाठी बसवलेली आहे. हे यंत्र महाग आहे, प्रत्येक गावात यायचं कारण नाही. पण पुण्यात पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला, बायफचं मुख्यालय वारज्याला, कृषी आयुक्तालयही इथेच. एवढी कार्यालयं एका शहरात असताना तालुक्याला एक चारा तपासणी केंद्र आणि वाण-चाचणीत पचनीयतेचा सक्तीचा रकाना, ही मागणी फार मोठी नाही. दुष्काळातल्या गुरांच्या छावणीला चारा पुरवायच्या निविदेतही टनाशेजारी तो आकडा मागता येईल.

तोवर इंदापूरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात दोन वस्तू शेजारी शेजारी दिसत राहतील. गोळीपेंडीच्या ५० किलोच्या पोत्यावर प्रथिनं किमान २० किंवा २२ टक्के, फॅट इतकी, तंतू इतका, असं ठसठशीत छापलेलं. आणि चारा मक्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, आणि पुरुषभर उंच पिकाचं छायाचित्र.